एअरब्रशची धुलाई : नवशिक्यांसाठी आकृत्यांविना मार्गदर्शिका

सर्वप्रथम, एअरब्रश घेतल्याबद्दल अभिनंदन. १/७२ मापाच्या वीतभर मिग-२१ वर हिरवे आणि करडे पट्टे असे मारायचे, की एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे भिंग लावूनही कळू नये, अशा विचाराने तुम्ही हे यंत्र घेतलं असणार. विचार चांगला आहे. त्याला दर बैठकीत सात-आठ मिनिटं मिळतील. उरलेला पाऊण तास काय करायचं, ते सांगण्यासाठी ही मार्गदर्शिका आहे.

एअरब्रशच्या खोक्यावर विमान असतं, मोटार असते, कधी नखांवर नक्षी असते. बेसिनवर वाकून डोळे बारीक केलेल्या माणसाचं चित्र काही नसतं. त्यामुळे नवशिक्याची समजूत होते की रंगवणं हे काम आणि धुणं हे त्यामागचं आवरणं. ही समजूत जितक्या लवकर सोडाल तितका छंद टिकेल. ज्यांनी सोडली नाही, त्यांचे एअरब्रश ‘एकदाच वापरलेला, अगदी नव्यासारखा’ या मथळ्याखाली निम्म्या किमतीत मिळतात. ते घेऊ नका. आत काय वाळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

साहित्य

एक एअरब्रश, एक कॉम्प्रेसर, त्यांना जोडणारी नळी. एवढं विकत घ्यावं लागतं. बाकीचं घरातूनच उभं करायचं: जुना टूथब्रश, दातांच्या फटी साफ करायचे इवलेसे ब्रश, नेलपॉलिश रिमूव्हर, लोणच्याची रिकामी बरणी, आणि एक पांढराशुभ्र टॉवेल. टॉवेल पांढराच का, ते पुढे येईल. तो कोणाचा आहे हे मात्र आत्ताच विचारून घ्या.

कान कोरायच्या कापसाच्या काड्याही लागतात, पण फक्त कप पुसायला. कापसाचा एक धागा नॉझलमध्ये गेला की आणखी पाऊण तासाची सोय झाली.

यंत्राची ओळख

हौशी लोक वापरतात तो एअरब्रश बहुधा ‘डबल ॲक्शन’ असतो. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. वरच्या कपातून रंग आपल्या वजनाने खाली उतरतो. पोटात एक लांब, टोकदार सुई असते आणि ती पुढे नॉझल नावाच्या इवल्याशा शंकूत बसलेली असते. ट्रिगर मागे ओढला की सुई मागे सरकते, तिच्याभोवती फट होते, आणि त्या फटीतून रंग येतो. ट्रिगर सोडला की स्प्रिंग सुईला पुन्हा पुढे ढकलते आणि फट बंद होते. कल्पना इतकी साधी की अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ॲब्नर पीलर यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस यंत्राचा पहिला अवतार घरगुती वस्तू जोडूनच उभा केला होता. आज आपण पहिला अवतार म्हणून त्याचा गौरव करतो. तो धुवायला किती वेळ लागत असे याचा उल्लेख मात्र कोणी करत नाही.

आता मापं बघा. सर्रास वापरलं जाणारं नॉझल ०.३ मिलिमीटरचं. माणसाचे तीन-चार केस शेजारी शेजारी ठेवले की भरेल एवढं ते भोक. त्यातही मध्ये सुई. म्हणजे रंगाला जायला जागा उरते ती सुईभोवतीच्या कड्यापुरती. आणि रंगाचा धर्म काय? वाळणं. ज्याला स्पर्श होईल त्याला चिकटणं आणि वाळणं, यासाठीच तर कारखान्याने तो बनवलेला आहे. बाटलीतून निघाल्यावर त्याला भेटणारी पहिली वस्तू तुमचं विमान नसतं, नॉझल असतं. रंग आपलं काम तिथेच सुरू करतो. यात त्याचा दोष नाही.

शिवाय हवाही त्याच्याच बाजूची. नॉझलच्या भोवतीने हवा जोरात सुटते, तिथला दाब कमी होतो, म्हणून रंग बाहेर ओढला जातो आणि त्याचे तुषार होतात. एअरब्रश चालतो तो याच तत्त्वावर. पण तोच वारा सुईच्या टोकावरचा रंग वाळवतही असतो. या प्रकाराला हौशी मंडळी ‘टिप ड्राय’ म्हणतात, आणि त्याबद्दल ज्या सुरात बोलतात तो सूर एरवी सांधेदुखीबद्दल बोलताना लागतो. पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांना हा त्रास सर्वांत जास्त. नागपूरच्या मे महिन्यात तर पंख्याखाली बसून रंगवणाऱ्याने सुईचं टोक पुसायला ओला ब्रश डाव्या हातात कायम धरून ठेवावा. रंगात रिटार्डरचे थेंब टाकून वाळणं लांबवता येतं. कोकणात श्रावणात हा प्रश्न कमी होतो, कारण तिथे तेव्हा काहीच वाळत नाही, विमानही नाही.

रंग पातळ करणे

हा भाग धुलाईचा नाही असं वाटेल. पण जो रंग नीट पातळ केलेला नाही तो पुढे खरवडूनच काढावा लागतो, म्हणून धुलाई इथूनच सुरू होते.

जगातली सगळी मार्गदर्शनं सांगतात की रंग दुधाइतका पातळ असावा. कोणतं दूध, हे एकही सांगत नाही. म्हशीचं की गाईचं? तापवलेलं की कच्चं? आमच्या मते पिशवीतलं टोन्ड धरावं. कपाच्या आतल्या भिंतीवर रंग चढवला तर तो सावकाश पण विनातक्रार खाली उतरला पाहिजे, मागे किंचित रंगीत पडदा ठेवून. अडखळत उतरला तर घट्ट आहे. मागे काहीच न ठेवता पळाला तर ते पाणी आहे.

आणि दुधाचा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो, रंगही फाटतो. तामियाचे ॲक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, म्हणजे आयपीएमध्ये, सुखाने मिसळतात. व्हायेहोसारख्या पाण्याच्या रंगांत तेच आयपीए ओतलंत तर कपाच्या तळाशी रबरासारखा चिकट गोळा मिळतो. दोन्ही बाटल्यांवर ‘ॲक्रिलिक’ असंच लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवून एका रंगामागून दुसरा तसाच कपात ओतणारे लोक आहेत, आणि एअरब्रशचे सुटे भाग विकणारी दुकानं त्यांच्यावर चालतात. रंग बदलताना आधीचा रंग त्याला मानवणाऱ्या द्रवानेच काढा आणि मगच पुढच्याची बाटली उघडा. टाळेबंदीच्या काळात उरलेलं सॅनिटायझर आयपीए म्हणून वापरू नका. त्यात पुष्कळदा हाताच्या कातडीसाठी ग्लिसरीन घातलेलं असतं, आणि विमानाला कातडी नसते.

धुलाईचे प्रकार

प्रकार दोन: छोटी आणि मोठी. छोटी अशी. कपातला उरलेला रंग ओतून टाका. कपात पाणी किंवा योग्य ते थिनर घाला, मऊ ब्रशने भिंती घासा, तेही ओता. पुन्हा घाला आणि लोणच्याच्या बरणीत फवारून टाका. स्वच्छ फवारा येईपर्यंत हेच. संपलं. दोन मिनिटं लागतात.

बरणीबद्दल थोडं. झाकणाला भोकं दोन हवीत. एकातून एअरब्रशचं तोंड आत, दुसऱ्यातून हवा बाहेर, आणि दुसऱ्यावर स्पंजचा तुकडा. एकच भोक पाडलंत तर आत गेलेल्या हवेला बाहेर यायला वाटही तीच उरते, आणि ती येताना एकटी येत नाही.

मध्येच एक गुळणी करून घ्यावी. नॉझलचं तोंड कापडाने हलकेच दाबून ट्रिगर ओढला की हवा उलट फिरते आणि कपात बुडबुडे येतात. त्याने आत अडकलेला रंग सुटून वर येतो. कप काठोकाठ भरलेला असताना किंवा झाकण न लावता हे करू नका. छताला रंग द्यायचा असेल तर त्यासाठी वेगळे ब्रश मिळतात.

वापर संपला की लगेच केलेली ही छोटी धुलाई दहापैकी नऊ वेळा पुरते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हंगामात जाऊन बघा. तिथे कॉम्प्रेसर अखंड धडधडत असतो, एकामागून एक मूर्तीला अंगाचा रंग चढत असतो, आणि रंग बदलायचा तर स्प्रे गनमधून आधीचा रंग फवारून काढायचा, की पुढचा ओतायचा. त्यांच्या गनचं नॉझल आपल्यापेक्षा मोठं असतं हे खरं. पण मुख्य फरक तो नाही. ज्याला दिवस मावळायच्या आत आणखी मूर्ती संपवायच्या आहेत, तो यंत्र उघडून आत काय आहे ते बघत बसत नाही. हौशी माणसाला मात्र तेच तर बघायचं असतं. म्हणून मोठी धुलाई.

मोठी धुलाई

मोठ्या धुलाईत एअरब्रशचा एकूण एक भाग सुटा करतात. ती कधी करावी? रंग बदलून बदलून फवारा अडखळू लागला, ट्रिगर जड झाला, किंवा फार दिवसांनी यंत्र कपाटातून काढलं तर. नवशिक्या ती रोज करतो. चालेल. पहिल्या महिन्यात कोणाचंच ऐकायचं नसतं.

बेसिनच्या जाळीवर बूच बसवा. आमच्यावर विश्वास नसेल तरी बसवा. मग टेबलावर तो पांढरा टॉवेल पसरा. नॉझल तांदळाच्या दाण्याएवढं असतं आणि काही एअरब्रशचं त्याहूनही लहान. सनमायकावर ते पडलं की टणकन उडतं, टॉवेलवर पडलं की तिथेच राहतं आणि दिसतं. मोझॅकच्या लादीवर पडलं तर लादीचाच ठिपका होऊन जातं.

आता मागचं हँडल काढा, सुई पकडून ठेवणारी मळसूत्री टोपी सैल करा. सुई मागच्या बाजूने ओढून काढायची. पण कप आधी स्वच्छ झालेला हवा, यावर आम्ही अडून बसू. सुई मागे जाताना एका बारीकशा सीलमधून जाते. रंगाने माखलेली सुई ओढलीत तर तो रंग त्या सीलमध्ये आणि तिच्या मागच्या ट्रिगरच्या खोलीत जाऊन बसतो. ट्रिगर दाबल्यावर परत यायला आळस करू लागतो तो यामुळेच. त्यानंतर तुम्ही ट्रिगरला तेल देता, तेल पुढे सरकतं, तेलाचा अंश विमानावर जातो, आणि तिथून रंग पळून गोल गोल खळगे पडतात. मोटारी रंगवणारे त्याला ‘फिश आय’ म्हणतात. एका सुईच्या घाईने विमान बिघडतं ते इतक्या दूरच्या वाटेने, की मूळ कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून शिवणयंत्राचं तेल शिवणयंत्रातच ठेवा. एअरब्रशसाठी वेगळं वंगण मिळतं, त्याचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरतो.

सुई बाहेर आली की तिला कापडावर ठेवून मागून टोकाकडे पुसा, एकाच दिशेने. टोकाकडून मागे पुसलीत तर ती कापडात रुतेल, आणि नंतर बोटात. टोक सरळ आहे का ते बघायला टिश्यूपेपरवरून हलकेच ओढा. धागा धरून ठेवला तर टोकाला आकडा झाला आहे. अशा सुईने फवारा एका बाजूला जातो आणि माणूस बराच काळ स्वतःच्या मनगटाला दोष देत राहतो. किंचित वाकलेली सुई काचेवर आडवी टेकवून, गोल फिरवत ओढली तर बहुधा सरळ होते. जास्त वाकली असेल तर नवी घ्या. पक्कड आणू नका. पक्कड कुठे ठेवली आहे हे आठवूच नका.

मग नॉझल. काही एअरब्रशमध्ये ते नुसतं बसवलेलं असतं आणि पुढची टोपी त्याला दाबून धरते. काहींमध्ये ते आट्यांवर फिरवून बसवलेलं असतं, आणि त्यासोबत एक पाना येतो. हा पाना दिसायला खेळण्यातला आहे, पण तो ज्यांच्यासाठी आहे ते आटे त्याहूनही खेळण्यातले आहेत. नळ गळू नये म्हणून जसा जोर लावायची आपल्याला घरात सवय आहे, त्यातला शतांशही इथे नको. जरा जास्त आवळलंत की ‘टक्’ असा छोटा आवाज होतो. नॉझलचं मुंडकं पान्यात आणि आटे एअरब्रशमध्ये राहतात. या आवाजावर उपाय नाही, फक्त पार्सलची वाट बघणं आहे.

नॉझल हरवल्यास

हरवेल. हा विभाग म्हणूनच वेगळा काढला आहे.

पहिल्यांदा, हलू नका. उठून उभे राहाल तर ते मांडीवर असेल आणि आता नसेल. मांडी, टॉवेलच्या घड्या, शर्टाचा खिसा, बाह्यांच्या दुमडी, या क्रमाने तपासा. नंतर दिवे घालवा आणि विजेरी जमिनीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. वरून पाडलेल्या उजेडात जे दिसत नाही त्याची आडव्या उजेडात लांब सावली पडते. त्या उजेडात टिकल्या, मोहरी, कानातल्याची फिरकी आणि गेल्या वर्षी हरवलेली स्प्रिंग सापडेल. वस्तूंचं मूळ मालकांना वाटप त्याच वेळी करून टाका, म्हणजे घरात तुमच्या छंदाबद्दल बरं मत होतं.

लोहचुंबक फिरवू नका. नॉझल बहुधा पितळेचं किंवा तशाच मिश्रधातूचं असतं, चुंबकाला ते ओळखही दाखवणार नाही. झाडू तर मुळीच मारू देऊ नका. घरात काम करणाऱ्या मावशी यायच्या वेळेआधी तुम्ही शोध संपवला नसेल, तर त्यांना दारातच गाठून विनंती करावी. त्या विचारतील, ‘काय हरवलंय दादा, सोन्याचं आहे का?’ किंमत सांगू नका.

काय वापरू नये

काचा पुसायचा निळा फवारा अनेक जण वापरतात आणि रंग झटकन निघतो हे खरं. ज्यात अमोनिया आहे तो फवारा पितळेला खातो. वरचा क्रोमचा मुलामा जिथे झिजला असेल तिथून आत शिरतो. पटकन वापरून पाण्याने धुवून टाकला तर काही बिघडत नाही. रात्रभर भिजत ठेवला तर सकाळी पाणी हिरवट-निळं दिसतं, आणि तो रंग तुम्ही कपात ओतलेला नव्हता.

संपूर्ण एअरब्रश थिनरच्या वाटीत बुडवून झोपायला जाणं ही दुसरी आवडती पद्धत. ॲसिटोन आणि लॅकर थिनर धातूला काही करत नाहीत, पण आतल्या रबरी ओ-रिंगा फुगतात. फुगलेली रिंग आपल्या खोबणीत पुन्हा बसत नाही आणि नवी मागवताना तिचं माप कोणालाच सांगता येत नाही. टेफ्लॉनचं सील असेल तर ते तग धरतं. तुमच्या यंत्रात कुठे रबर आहे आणि कुठे टेफ्लॉन, हे सोबतच्या कागदावर असतं. तो कागद पहिल्या दिवशी टाकून दिला गेला हे आम्ही गृहीत धरलं आहे.

चष्मेवाले आणि सोनार वापरतात ते अल्ट्रासॉनिक भांडं उत्तम काम करतं. नॉझल, टोप्या, सुईचे भाग, एवढंच त्यात टाका. रबर काढून घ्या. भांड्यात टाकलेलं नॉझल तळाशी कुठेतरी असणारच, ते दिसत नाही म्हणून पाणी मोरीत ओतू नका. वरचा विभाग पुन्हा वाचायची वेळ येईल.

थिनरही मोरीत ओतू नये. जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्यांत जिरवून, आच आणि मुलं यांपासून लांब, उघड्या हवेत सुकू द्यावं. लॅकर फवारत असाल तर खिडकी उघडी आणि तोंडावर सेंद्रिय वाफांसाठीच्या डब्या असलेला मुखवटा हवा. साथीत घेतलेला एन-९५ कण अडवतो, वाफ अडवत नाही. हा परिच्छेद विनोदी नाही.

लक्षणे आणि निदान

कपात आपोआप बुडबुडे येतात, तुम्ही गुळणी केलेली नसताना? नॉझल नीट बसलेलं नाही किंवा त्याला चीर गेली आहे, आणि हवा चुकीच्या वाटेने कपात शिरते आहे. फवारा धडधडत, थांबून थांबून येतो? बहुधा तेच, नाहीतर नॉझलच्या शंकूत वाळलेल्या रंगाची कपची. रंगाचे ठिपके उडतात? सुईच्या टोकावर रंग जमला आहे, पुसा. रंग विमानावर पडून कोळ्याच्या पायांसारखा सैरावैरा पळतो? यंत्राला काही झालेलं नाही. रंग फार पातळ आहे, दाब जास्त आहे, किंवा तुम्ही फार जवळ आला आहात. बहुतेक कामांना १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. फक्त हवा येते आणि रंग येतच नाही? कपात रंग आहे का ते बघा. हसू नका, बघा.

जुलैत मुंबईत रंगवणाऱ्याला आणखी एक लक्षण दिसेल: छान चाललेल्या फवाऱ्यातून मध्येच पाण्याचा टपोरा थेंब विमानाच्या पंखावर येऊन बसतो. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते, पुढे टाकीत आणि नळीत निवते आणि तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. मुंबईच्या हवेत त्या दिवसांत हवा किती असते हाच प्रश्न आहे. मॉइश्चर ट्रॅप लावा, आणि टाकीच्या बुडाची तोटी रोज सोडून पाणी काढा. दाब कमी करूनच सोडा. पूर्ण दाबात सोडलीत तर जो फुत्कार येतो त्याने खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

ते तसेही येणारच आहेत.

‘काय हो, वर गॅरेज काढलंत की काय?’

‘नाही काका, विमान रंगवतोय.’

‘असं होय. झालं का मग रंगवून?’

‘नाही, ब्रश धुतोय अजून.’

‘अहो, पण परवाही धुतच होतात ना?’

या प्रश्नाला उत्तर देऊ नये. विमान दाखवावं.

जोडणी

उघडलं त्याच्या उलट क्रमाने जोडा, असं सर्वत्र लिहिलेलं असतं. उघडताना क्रम कोण लक्षात ठेवतो? प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा आणि भाग टॉवेलवर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा. नॉझल आधी, सुई नंतर. सुई आधी घालून मग नॉझल वर दाबलंत तर सुईचं टोक नॉझलच्या तोंडाला आतून फाकवतं, आणि तुमच्या ०.३ चं माप कायमचं बदलतं. सुई हलक्या हाताने पुढे सरकवा, टेकली की थांबा, टोपी आवळा.

टॉवेलवर एखादा भाग उरला तर घाबरू नका. ट्रिगर पुढे परत येत नसेल तर उरलेली ती स्प्रिंग आहे. ट्रिगर परत येतो पण मागे ओढलेला जाणवत नसेल तर ट्रिगरमागची छोटी तरफ उरली आहे. ही तरफ यंत्र उलटं केलं की न सांगता खाली पडते. सगळं चालतंय आणि तरी काहीतरी उरलं आहे, तर ते बहुधा नेलपॉलिशच्या बाटलीचं आहे. परत ठेवा.

कपात स्वच्छ पाणी घालून वर्तमानपत्रावर फवारून बघा. शाई न पुसट करता कागद एकसारखा ओलावला पाहिजे. ओलावला, तर तुमचा एअरब्रश रंगवायला सज्ज आहे. घड्याळ बघा. साडेदहा वाजून गेले असतील तर कॉम्प्रेसर लावता येणार नाही, काकांचं एकदा ऐकून झालं आहे. सुईच्या टोकाला टोपी घाला आणि यंत्र आडवं ठेवून द्या.

पहिल्या काही आठवड्यांनंतर दुसरा एअरब्रश घ्यावा असं वाटू लागतं. घ्या. घरी विचारलं तर सांगा की पहिला धुतला जात असताना रंगवायचं कशाने? मात्र दुसरा शक्यतो त्याच कंपनीचा, त्याच जातीचा घ्या. नाहीतर दोघांची नॉझलं दिसायला सारखी असतात, एकमेकांत जवळजवळ बसतात, आणि एकाच टॉवेलवर धुवायला घेतलीत की कोणतं कोणाचं ते पान्यालाही कळत नाही.